क्वीन्स पार्क (ग्लासगो): दीडशे वर्षांचा हौशी संसार

मैदानकर

स्कॉटलंडच्या फुटबॉलची चर्चा सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. हे दोन्ही क्लब जन्माला येण्यापूर्वी ग्लासगोत एक क्लब होता आणि तो आजही आहे. स्कॉटलंडमधला सर्वांत जुना क्लब हा त्याचा मान आहेच, पण हा धागा काढण्याचे कारण वेगळे आहे. ज्या क्लबने स्कॉटलंडला फुटबॉल शिकवले, राष्ट्रीय संघ उभा करून दिला, राष्ट्रीय संघटना आणि राष्ट्रीय मैदानही दिले, त्याच क्लबने खेळाडूंना मोबदला द्यायला २०१९ पर्यंत ठाम नकार दिला. हा नकार तत्त्वाचा होता की सोयीचा, हा माझा प्रश्न आहे. माझे मत तत्त्वाकडे झुकते, तरी दुसरी बाजूही ऐकायची आहे.

९ जुलै १८६७ रोजी ग्लासगोच्या दक्षिण भागात, एग्लिंटन टेरेसमधल्या ३ क्रमांकाच्या घरात काही तरुण जमले. त्यांतले बरेचसे वायएमसीएशी संबंधित होते आणि काही जण उत्तरेकडच्या परगण्यांतून पोटापाण्यासाठी शहरात आलेले होते. क्लब काढायचा हे लवकर ठरले, पण नावावर मात्र बराच खल झाला. 'द केल्ट्स', 'द नॉर्दर्न', 'मोरेशायर' अशी नावे पुढे आली आणि शेवटी 'क्वीन्स पार्क' हे नाव अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाले. जवळच्या सार्वजनिक उद्यानाचे हे नाव राणी मेरीवरून पडले आहे. १५६८ मधली लँगसाइडची लढाई तिथून हाकेच्या अंतरावर झाली होती. पहिले अध्यक्ष मंगो रिची.

खरी पंचाईत पुढे झाली, कारण खेळायला प्रतिस्पर्धीच नव्हते. १ ऑगस्ट १८६८ रोजी थिसल नावाच्या संघाविरुद्ध पहिला सामना झाला, तोही प्रत्येक बाजूला वीस खेळाडू घेऊन, आणि क्वीन्स पार्कने तो २-० असा जिंकला. एरवी सभासद आपसांतच संघ पाडून खेळत असत: विडी-चिरूट ओढणारे विरुद्ध न ओढणारे, हलक्या अंगाचे विरुद्ध भारदस्त, एग्लिंटन टोलनाक्याच्या उत्तरेला राहणारे विरुद्ध दक्षिणेला राहणारे. वाचताना हसू येते, पण या घरगुती सामन्यांमुळे एक महत्त्वाची गोष्ट घडली असे मला वाटते. तीच माणसे आठवड्यामागून आठवडे एकमेकांबरोबर खेळत राहिली आणि कोण कुठे धावणार, चेंडू कुणाकडे द्यायचा, याची सवय त्यांच्या अंगात भिनली.

त्यात ऑफसाइडच्या नियमाची भर पडली. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमानुसार पुढे उभ्या असलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत. क्वीन्स पार्कने आपल्यापुरता नियम बराच सैल ठेवला होता: दोन खेळाडू समोर असले तरी चालत आणि ऑफसाइड धरायचे ते फक्त मैदानाच्या शेवटच्या पंधरा यार्डांत. पुढे उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू देणे जिथे गुन्हा नाही, तिथे माणूस चेंडू देणारच. इंग्लंडमध्ये त्या काळी एकाने चेंडू पायात घेऊन सुसाट धावायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे पळायचे, अशी रीत होती. ग्लासगोत पास देण्याचा खेळ रुजला.

१८७० मध्ये क्लब लंडनच्या असोसिएशनचा सभासद झाला. १८७१-७२ मध्ये पहिली एफ. ए. चषक स्पर्धा झाली, तेव्हा वीस पौंडांच्या त्या चषकासाठी क्वीन्स पार्कने एक गिनी वर्गणी पाठवली होती. प्रवासाचा खर्च परवडणारा नसल्यामुळे संयोजकांनी त्यांना थेट उपांत्य फेरीत प्रवेश दिला. मार्च १८७२ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर वाँडरर्स संघाविरुद्धचा सामना ०-० असा सुटला. फेरसामना खेळायचा तर पुन्हा लंडनला जायचे किंवा तिथेच थांबायचे, आणि दोन्हीसाठी पैसे नव्हते. क्वीन्स पार्कने माघार घेतली आणि वाँडरर्स पुढे जाऊन चषक घेऊन गेले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, संत अँड्र्यूच्या दिवशी, ग्लासगोच्या पार्टिक भागातल्या क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड हा जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. स्कॉटलंडमध्ये तेव्हा राष्ट्रीय संघटनाच नव्हती, म्हणून संघ निवडण्यापासून मैदान भाड्याने घेण्यापर्यंत सारे क्वीन्स पार्कने केले. अकराही खेळाडू याच क्लबचे. त्यांतले स्मिथ बंधू लंडनच्या साउथ नॉरवुडकडूनही खेळत. कर्णधार रॉबर्ट गार्डनर गोलरक्षक होता. सामना ०-० असा सुटला. स्कॉटलंडने त्या दिवशी गडद निळे सदरे घातले होते, कारण क्वीन्स पार्कचा रंग तेव्हा तोच होता. छातीवर सिंहाचे चिन्ह, डोक्यावर लाल टोप्या. स्कॉटलंडचा राष्ट्रीय संघ आजही जो निळा रंग घालतो, तो असा एका क्लबच्या कपाटातून आलेला आहे. पुढच्याच वर्षी क्लबने स्वतःसाठी काळे-पांढरे आडवे पट्टे घेतले आणि 'स्पायडर्स' हे टोपणनाव त्याला चिकटले.

मार्च १८७३ मध्ये क्वीन्स पार्कच्या पुढाकाराने आठ क्लबांनी मिळून स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. पहिले तिन्ही स्कॉटिश चषक (१८७४, १८७५, १८७६) क्वीन्स पार्कचेच, आणि १८९३ पर्यंत एकूण दहा. त्यानंतर एकही नाही. तरीही रेंजर्स आणि सेल्टिक यांच्याखालोखाल सर्वाधिक स्कॉटिश चषक आजही याच क्लबच्या नावावर आहेत. १८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षे हा संघ इंग्लंडच्या एफ. ए. चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हरला.

१८९० मध्ये स्कॉटिश लीग सुरू झाली. क्वीन्स पार्कने तिच्यात जायला नकार दिला. इथून पुढची गोष्ट मला अधिक वादाची वाटते, म्हणून ती प्रतिसादांसाठी ठेवतो.

तिरकस

लेख आवडला, पण पास देण्याचा खेळ क्वीन्स पार्कने शोधला ही गोष्ट इतक्या सहज मान्य करू नये. रॉयल इंजिनिअर्स हा लष्करी अभियंत्यांचा संघ त्याच सुमारास एकत्रित हालचालींसाठी प्रसिद्ध होता आणि शेफील्डमध्येही असे काहीसे चालू होते. इतिहास लिहिणारा जिथला असतो, तिथेच शोध लागल्याचे त्याला दिसते. क्वीन्स पार्कचा इतिहास मुख्यतः ग्लासगोकरांनी लिहिला आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

मैदानकर

तिरकस, आक्षेप रास्त आहे आणि 'शोध' हा शब्द मी मुद्दाम टाळला होता. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे १८७२ च्या सामन्यात इंग्लंडचे खेळाडू अंगापिंडाने बरेच थोराड होते. त्या काळी धक्काबुक्कीला मुभा होती, त्यामुळे किरकोळ अंगाच्या संघाला चेंडू पायात धरून ठेवणे परवडणारे नव्हते. तो लवकर दुसऱ्याकडे सोपवणे हाच शहाणपणा होता. दुसरी गोष्ट प्रसाराची. रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी बदलीच्या गावी निघून जात, आणि त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर जाई. क्वीन्स पार्कचे लोक मात्र गावोगाव प्रदर्शनी सामने खेळून नवे क्लब उभे करत होते. पुढे इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावांतले क्लब स्कॉटिश खेळाडूंना पैसे देऊन नेऊ लागले. त्यांना 'स्कॉच प्रोफेसर' म्हणत, ते त्यांच्याकडून हाच खेळ शिकायला मिळत होता म्हणून. उगम एकाहून अधिक असतील, पण पाट कुठून काढला गेला याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही.

उत्तररात्र

गेली काही वर्षे मी ग्लासगोच्या याच दक्षिण भागात राहतो, म्हणून मैदानांविषयी थोडी भर घालतो. क्वीन्स पार्कची हॅम्पडेन नावाची मैदाने एक नव्हे, तीन झाली, आणि तिन्ही जागा एका संध्याकाळच्या फेरफटक्यात पायी पाहून होतात.

क्लब सुरुवातीला सार्वजनिक उद्यानाच्या मैदानावर खेळत असे आणि तिथे तिकीट लावता येत नसे. म्हणून १८७३ मध्ये कुंपण घातलेले पहिले हॅम्पडेन घेतले. शेजारी हॅम्पडेन टेरेस नावाची घरांची रांग होती, तिचे नाव मैदानाला मिळाले. ही रांग जॉन हॅम्पडेनच्या नावाची. राजाने लादलेला कर नाकारणारा सतराव्या शतकातला इंग्लिश संसदपटू तो. म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मैदानाला एका इंग्रजाचे नाव आहे, आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला गेलेल्या किती जणांना हे ठाऊक असते देव जाणे.

कॅथकार्टकडे जाणारा लोहमार्ग पहिल्या मैदानावरून आखला गेला, तेव्हा १८८३ मध्ये क्लबला ते सोडावे लागले. त्या जागी आज हॅम्पडेन बोलिंग क्लबची हिरवळ आहे. म्हातारी मंडळी पांढरे कपडे घालून शांतपणे गोळे सरपटत सोडत असतात आणि बांधावरून लोकल खडखडत जाते. क्लबच्या इमारतीवर १८८२ मध्ये याच जागी स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ असे हरवले त्या सामन्याचे मोठे भित्तिचित्र रंगवले आहे. २०२१ मध्ये इथे रीतसर उत्खनन झाले, तेव्हा मैदानाची जागा पक्की झाली.

दुसरे हॅम्पडेन १८८४ ते १९०३ या काळात वापरात होते. ते नंतर थर्ड लानार्क या क्लबकडे गेले आणि कॅथकिन पार्क झाले. थर्ड लानार्क १९६७ मध्ये बुडाला. पायऱ्या-पायऱ्यांचे प्रेक्षकांचे उतार मात्र तीन बाजूंनी अजून तसेच आहेत. काँक्रीटच्या कडा फोडून झाडे वर आली आहेत आणि टेकायला लावलेले लोखंडी कठडे त्या झाडांमध्ये उभे आहेत. खालच्या हिरवळीवर मुले आजही खेळतात. तिसरे हॅम्पडेन, म्हणजे आजचे राष्ट्रीय मैदान, सर्वांना ठाऊक आहेच.

मोहोळ

१८८२ च्या त्या ५-१ सामन्याचा उल्लेख आला, तेव्हा अँड्र्यू वॉटसनचे नाव यायलाच हवे. तो त्या सामन्यात बचावपटू म्हणून खेळला होता. जन्म १८५६ चा, ब्रिटिश गयानातल्या डेमेरारा इथला. बाप साखरेच्या मळ्यांच्या धंद्यातला श्रीमंत स्कॉटिश गृहस्थ, आई तिथली, हॅना रोझ. शिक्षण इंग्लंडमध्ये झाले, पुढे ग्लासगो विद्यापीठात नाव घातले आणि पार्कग्रोव्ह या क्लबकडून खेळून तो क्वीन्स पार्ककडे आला. १८८१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध तो स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि स्कॉटलंडने ६-१ असा विजय मिळवला. इंग्लंडचा मायदेशातला तो आजही सर्वांत मोठा पराभव आहे. वॉटसन हा जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू मानला जातो. तो तीन आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि तिन्ही जिंकला. क्वीन्स पार्कबरोबर स्कॉटिश चषक जिंकले ते वेगळेच, शिवाय क्लबच्या चिटणिसाचे कामही त्याने केले.

यात एक बोचरा भाग आहे. ज्या साखरेच्या पैशावर तो शिकला, त्या साखरेमागे गुलामगिरीचा इतिहास आहे, आणि ग्लासगोचे व्हिक्टोरियन वैभवही बरेचसे त्याच पैशातून आलेले आहे. वॉटसनचे नाव जवळजवळ शतकभर विस्मरणात गेले होते. लंडनमध्ये १९२१ मध्ये तो वारला.

कृष्णाकाठ

माहितीपूर्ण धागा. एक बाळबोध प्रश्न विचारतो. खेळाडूंना पैसे द्यायचे नाहीत, लीगमध्येही जायचे नाही, तर मग एवढी मैदाने बांधायला या क्लबकडे पैसा आला कुठून?

निळी शाई

कृष्णाकाठ, प्रश्न बाळबोध मुळीच नाही; खरे तर या क्लबची सगळी गुंतागुंत त्यातच आहे.

पैसा तिकिटांतून आला. खेळाडूंचा पगार नसल्यामुळे दारावर जमलेली रक्कम क्लबकडे राहत असे आणि ती मैदानात घातली जाई. स्कॉटलंड-इंग्लंड सामने आणि चषकाचे अंतिम सामने आपल्या मैदानावर झाले की त्याचे भाडेही मिळत असे. रेंजर्स आणि सेल्टिकही याच कारणासाठी मोठी मैदाने बांधत होते, आणि शतकाच्या वळणावर या तिघांत उघड चढाओढ लागली होती.

५ एप्रिल १९०२ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी खांबांवर उभारलेल्या प्रेक्षकसज्जाचा भाग कोसळला. लोक खाली पडले आणि २५ जणांचा जीव गेला. तिसऱ्या हॅम्पडेनचे काम तेव्हा चालू होते. इथले उतार खांबांवर उभारलेले नव्हते. जमिनीचा नैसर्गिक चढ आणि मातीचे बांध यांवर पायऱ्या काढलेल्या होत्या. आर्चिबाल्ड लीच हा अभियंता दोन्ही मैदानांशी संबंधित होता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी सेल्टिकविरुद्धच्या सामन्याने तिसरे हॅम्पडेन खुले झाले, आणि यजमानांनी तो १-० असा जिंकला. त्यानंतर १९५० मध्ये ब्राझीलचे माराकाना तयार होईपर्यंत हे जगातले सर्वांत मोठे फुटबॉल मैदान होते. एप्रिल १९३७ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला जवळजवळ दीड लाख लोक तिकीट काढून आत आले होते. १९६० मध्ये रेआल माद्रिदने आइनट्राख्ट फ्रँकफर्टला ७-३ असे हरवले, तो युरोपियन चषकाचा अंतिम सामनाही इथलाच. त्याला सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक होते.

एक हौशी क्लब जगातल्या सर्वांत मोठ्या मैदानाचा मालक, आणि त्याचा स्वतःचा सामना असला की त्या अजस्र उतारांवर मोजके लोक. उत्तरार्धातले चित्र हेच होते. नव्वदच्या दशकात नूतनीकरणाचा खर्च क्लबच्या डोईजड झाला, दिवाळे निघायची वेळ आली आणि २००० मध्ये मैदानाचा कारभार भाडेपट्ट्याने स्कॉटिश असोसिएशनकडे गेला.

दुसरी बाजू

आता थोडे कडू बोलतो. वरचे सगळे वाचून हौशीपणाविषयी एक गोड समज होतो आहे. १८८० च्या दशकातल्या स्कॉटिश फुटबॉलमध्ये दोन प्रकारचे लोक खेळत होते. क्वीन्स पार्कमध्ये कारकून, व्यापारी घरांतली मुले, शिक्षक, पुढे पुढे डॉक्टर. व्हेल ऑफ लेव्हन आणि रेंटन या क्लबांमध्ये लेव्हन नदीकाठच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यांतले कामगार. शनिवारच्या सामन्यासाठी लांब जायचे तर कामगाराचा खाडा पडतो आणि तेवढी मजुरी बुडते. 'खेळ हा खेळासाठी' हे क्वीन्स पार्कचे लॅटिन ब्रीद त्याच्या घरी चूल पेटवत नाही. पैसे न घेण्याचा मोठेपणा ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो, त्यालाच दाखवता येतो.

डिसेंबर १८७६ मध्ये स्कॉटिश क्लबाविरुद्ध क्वीन्स पार्क पहिल्यांदा हरला, तो याच व्हेल ऑफ लेव्हनकडून. आणि ज्या दहा चषकांचा उल्लेख झाला, त्यांतला १८८४ चा चषक अंतिम सामना न खेळताच मिळालेला आहे. व्हेल ऑफ लेव्हनचे खेळाडू अडचणीत होते आणि त्यांनी तारीख पुढे ढकलण्याची विनंती केली होती. क्वीन्स पार्कच्या पुढच्या तारखा मोठ्या सामन्यांनी भरलेल्या होत्या. तारीख बदलली नाही, व्हेल ऑफ लेव्हनचा संघ आला नाही, आणि चषक क्वीन्स पार्कला देण्यात आला.

रेंटनचे हाल तर विचारूच नका. १८९० मध्ये लीगचे पाच सामने खेळून होतात न होतात तोच, छुप्या व्यावसायिकतेबद्दल बंदी आलेल्या सेंट बर्नार्ड्सशी वेगळ्या नावाखाली सामना खेळल्याबद्दल असोसिएशनने त्यांना बाहेर काढले. इंग्लंडमध्ये १८८५ पासून खेळाडूंना पैसे देणे कायदेशीर होते. स्कॉटलंडला त्यासाठी १८९३ उजाडावे लागले. मधल्या आठ वर्षांत चांगले खेळाडू सीमेपलीकडे गेले आणि जे राहिले त्यांना टेबलाखालून पैसे मिळत होते. हौशीपणाच्या आग्रहातून हा खोटेपणा वाढला, आणि त्या आग्रहाच्या अग्रभागी क्वीन्स पार्क होता.

मैदानकर

दुसरी बाजू, तुमच्या प्रतिसादातला मजुरीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि १८८४ च्या चषकाविषयीही वाद नाही. तरीही क्वीन्स पार्कने १८९० मध्ये लीग नाकारताना जी भीती बोलून दाखवली होती, ती तपासून पाहा. ठरावीक संघांचे ठरावीक सामने सुरू झाले की पैसा मोठ्या शहरी क्लबांकडे वाहील, खेळाडूंना पगार देणे अपरिहार्य होईल आणि लहान गावांचे क्लब मरतील, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या लीगमध्ये अकरा क्लब होते. त्यांपैकी ॲबरकॉर्न, केंबसलँग, कौलेअर्स, रेंटन, थर्ड लानार्क आणि व्हेल ऑफ लेव्हन हे सहा आपापल्या मूळ रूपात शिल्लक नाहीत. कामगारांच्या ज्या दोन क्लबांची तुम्ही बाजू घेतली, ते दोन्ही या यादीत आहेत. (२०१२ च्या आर्थिक पडझडीत रेंजर्सचे काय झाले यावर कृपया इथे वाद नको, तो विषय सुरू झाला तर धागा शंभरी गाठेल आणि निष्पन्न काही होणार नाही.)

क्वीन्स पार्क स्वतः दहा वर्षे बाहेर राहून १९०० मध्ये लीगमध्ये आला, कारण शनिवारी खेळायला तोलामोलाचे संघच उरले नव्हते. नियम मात्र बदलला नाही: आमच्याकडून खेळणारा हौशीच असेल. याची किंमत काय होती ते रॉबर्ट स्मिथ मॅककॉलच्या उदाहरणावरून दिसते. क्वीन्स पार्कच्या या आघाडीपटूने एप्रिल १९०० मध्ये इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले आणि स्कॉटलंड ४-१ असा जिंकला. पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक होऊन न्यूकॅसलला गेला. भावाबरोबर त्याने मिठाईचे दुकान काढले होते, म्हणून लोक त्याला 'टॉफी बॉब' म्हणत, आर. एस. मॅककॉल या नावाची वर्तमानपत्रे आणि गोळ्या-बिस्किटांची दुकाने ब्रिटनमध्ये नंतर शतकभर होती. न्यूकॅसल आणि रेंजर्स असा प्रवास करून १९०७ मध्ये तो क्वीन्स पार्ककडे हौशी म्हणून परतला, आणि १९१० मध्ये पोर्ट ग्लासगोविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्याने सहा गोल केले. पैसे घेतलेल्या माणसाला परत दारात उभे करणे त्या काळी अपवादानेच होत असे. सहा गोल करणाऱ्याला नियम कुठे ना कुठे वाकतोच, असे तुम्ही म्हणाल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कृष्णाकाठ

भारताशी या साऱ्याचा काही थेट संबंध आहे का? आपल्याकडे फुटबॉल स्कॉटिश पलटणींनी आणले असे ऐकले होते.

तिरकस

पलटणींपुरता संबंध खरा आहे. शिमल्याला १८८८ मध्ये ड्युरँड चषक सुरू झाला. त्याच्या पहिल्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचे होते: रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला हरवले. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा, आणि तोही सुरुवातीची अनेक वर्षे गोऱ्या पलटणींच्याच ताब्यात होता. परंतु यावरून क्वीन्स पार्कचा खेळ थेट मुंबईच्या कूपरेज मैदानावर पोहोचला अशी उडी मारू नये. सैनिकांमध्ये सगळ्या प्रांतांतले आणि सगळ्या पद्धतींचे लोक होते.

बादरायण संबंध हवाच असेल तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सापडतो. बहुतांश अनवाणी खेळलेला आपला संघ फ्रान्सकडून १-२ असा हरला आणि पुढच्या फेरीत त्याच फ्रान्सला ब्रिटनच्या हौशी संघाने हरवले. मॅट बझबी यांनी तयार केलेल्या त्या ब्रिटिश संघात क्वीन्स पार्कचे खेळाडू होते.

निळी शाई

त्या ऑलिंपिक संघातला गोलरक्षक रॉनी सिम्पसन क्वीन्स पार्ककडून पहिला सामना खेळला तेव्हा चौदा वर्षांचा होता. हाच सिम्पसन १९६७ मध्ये लिस्बनला युरोपियन चषक जिंकणाऱ्या सेल्टिकचा गोलरक्षक. पुढे मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक झालेले ॲलेक्स फर्ग्युसन हेही इथलेच. ग्लासगोतल्या गोव्हन भागातल्या या पोराने १९५८ मध्ये सोळाव्या वर्षी स्ट्रॅनरारविरुद्ध पहिला सामना खेळून गोल केला, संघ मात्र हरला. १९५८ हेच क्लबचे वरच्या विभागातले शेवटचे वर्ष. नंतर खालच्या विभागांतच दशके गेली.

हौशीपणाचा शेवट का झाला हे समजायला अँडी रॉबर्टसनचे उदाहरण पुरेसे आहे. अंगाने किरकोळ म्हणून सेल्टिकने पंधराव्या वर्षी त्याला सोडून दिले. तो क्वीन्स पार्ककडे आला आणि २०१२-१३ चा हंगाम चौथ्या विभागात खेळला. पोट भरण्यासाठी हॅम्पडेनमध्ये फोनवर तिकिटांची नोंदणी घेण्याचे कामही तो करत असे. आर्थिक पडझडीनंतर रेंजर्सही त्याच हंगामात त्याच विभागात होते, त्यामुळे हॅम्पडेनवरच्या त्या लढतीला सुमारे तीस हजार लोक आले. पुढच्या उन्हाळ्यात रॉबर्टसन डंडी युनायटेडकडे गेला, तिथून हल, मग लिव्हरपूल. २०१९ मध्ये चँपियन्स लीगचा विजेता आणि स्कॉटलंडचा कर्णधार.

क्वीन्स पार्कची अडचण अशी की हौशी खेळाडूशी व्यावसायिक करार नसतो, आणि करार नसला की हंगाम संपताच कोणताही क्लब त्याला उचलून नेऊ शकतो. वर्षानुवर्षे मुले घडवायची आणि ती रिकाम्या हाताने जाताना पाहायची, असे चालले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सभासदांनी प्रचंड बहुमताने हौशीपणाचा नियम रद्द केला. माझ्या मते हा निर्णय किमान तीस वर्षे उशिरा झाला.

दुसरी बाजू

उशिरा का होईना, झाला. मात्र हे मतदान झाले तेव्हा मैदान विकून पैसे येणे ठरलेले होते, हेही लिहा. हातात पैसा आल्यावर पगार देणे सोपे असते.

उत्तररात्र

ते खरे आहे. २०१८ मध्ये असोसिएशनने राष्ट्रीय संघ एडिनबराच्या मरेफील्ड या रग्बी मैदानावर न नेता हॅम्पडेन विकत घेण्याचे ठरवले. किंमत पाच मिलियन पौंड. त्यातला मोठा वाटा विली हॉई आणि टॉम हंटर या दोन उद्योगपतींनी उचलला आणि २०२० मध्ये व्यवहार पुरा झाला. क्लबकडे राहिले ते शेजारचे लेसर हॅम्पडेन, १९२० च्या दशकात घेतलेले सरावाचे मैदान. ते नीट करण्यात इतका वेळ गेला की संघाला काही काळ फरहिल आणि ऑकिलव्ह्यू अशा दुसऱ्यांच्या मैदानांवर घरचे सामने खेळावे लागले.

मैदानातला निकाल मात्र लगेच दिसला. २०२०-२१ मध्ये चौथ्या विभागाचे विजेतेपद आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या विभागातून बढती. २०२२-२३ मध्ये तर शेवटच्या दिवशी डंडीविरुद्ध जिंकले असते तर हा संघ थेट सर्वोच्च विभागात गेला असता. सामना ३-५ असा गेला, डंडी विजेते झाले आणि बढतीच्या बाद फेरीत पार्टिक थिसलने उरलीसुरली आशाही संपवली.

९ फेब्रुवारी २०२५ चा स्कॉटिश चषकाचा सामना आमच्या कार्यालयातले रेंजर्सवाले अजून विसरलेले नाहीत. आयब्रॉक्सवर सेब ड्रोझ्डच्या गोलमुळे क्वीन्स पार्क १-० असा पुढे होता आणि अगदी अखेरीस रेंजर्सला पेनल्टी मिळाली. कर्णधार जेम्स टॅव्हर्नियरने ती घेतली आणि कॅलम फेरीने ती अडवली. रेंजर्सविरुद्ध क्वीन्स पार्कचा १९४८ नंतरचा हा पहिला विजय. पुढच्या फेरीत ॲबर्डीनने त्यांना ४-१ असे घरी पाठवले, आणि त्या वर्षीचा चषकही ॲबर्डीननेच नेला.